राखीव ज्युरर बर्नाडेट

अमेरिकेतल्या आमच्या एरी सरोवराकाठच्या गावात बर्नाडेट हूबा हिला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आधीच्या फादरना नाही, दाताच्या डॉक्टरला तर मुळीच नाही. शेवटी ते एका न्यायाधीशांना जमलं.

खटला आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडून आलेल्या कमिशनरचा, रेमंड डुबचॅकचा. पुरात घरं गेलेल्यांसाठी जमलेल्या देणग्या त्याने स्वतःच्या निवडणुकीत उडवल्या, हा मुख्य आरोप, आणि असेच आणखी चार. टीव्हीवर रोज तेच. बर्नाडेट त्याच्या ज्युरीवर होती, पण राखीव. निकाल देणारे ज्युरर बारा. त्यांच्यातलं कुणी आजारी पडलं तर हाताशी असावेत म्हणून दोघं जास्तीचे, त्यातली ही एक. नऊ आठवडे तिने त्या बाराजणांच्या बरोबरीने सगळं ऐकलं. मग ते निकाल ठरवायला आतल्या खोलीत गेले आणि हिला घरी पाठवलं. वर ताकीद दिली, निकाल लागेपर्यंत खटल्याबद्दल कुणाशी अवाक्षर काढायचं नाही आणि फोन सतत जवळ ठेवायचा.

ईस्टरच्या आधीच्या उपासात दर शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये पिरोही विकायला असतात. बटाटा आणि चीजचं सारण भरलेल्या, पाण्यात उकडलेल्या करंज्याच त्या. गुरुवारी आम्ही बायका तळघरात बसून त्या करतो. माझा देव वेगळा, पण हाताला मुरड घालायची सवय दिसल्यावर पहिल्याच वर्षी मला कडा दाबायच्या टेबलावर बसवलं. देवाचं कुणी विचारलं नाही.

त्या गुरुवारी बर्नाडेट आली, केसांना जाळी लावली, फोन ॲप्रनच्या खिशात टाकला आणि मुकाट्याने पीठ लाटायला लागली.

"अगं, एवढंच सांग," ॲग्नेस म्हणाली, "तो कोर्टात बारीक दिसतो की जाड?"

"मीठ दे," बर्नाडेट म्हणाली.

"बायको येते का त्याची?"

"मीठ, ॲग्नेस."

ॲग्नेस आणि ती पहिलीपासून एका वर्गात. दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं कुणाला आठवत नाही. ॲग्नेसने मीठ सरकवलं आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "बायांनो, आज शाळेपासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं. मला रडू येतंय."

सगळ्या हसल्या. बर्नाडेट हसली नाही. तिला काय खुपत होतं ते मला ठाऊक होतं. शाळेच्या बसगाड्यांच्या ऑफिसात तिने जन्म काढला. रेडिओवर दिवसभर तिचा आवाज. घरीही तोच, चर्चमध्येही तोच. तिचं बोलणं सगळे ऐकत, पण मत कुणी विचारत नसे. घराला रंग कुठला द्यायचा तेसुद्धा तिचा नवरा स्टॅन ठरवायचा. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा सरकारने बोलावून, खुर्ची देऊन ऐकवलं, आणि ऐन मत द्यायच्या वेळी म्हटलं, तुम्ही निघा.

तिची सगळी आशा एका खोकल्यावर होती. बारांपैकी एक गृहस्थ कोर्टात सारखे खोकायचे. हे तिने मला वर चर्चमध्ये मेणबत्ती लावताना हळूच सांगितलं.

"अगं, हे चालतं का सांगितलेलं?" मी घाबरले.

"न्यायाधीश खटल्याबद्दल बोलू नका म्हणाले. खोकल्याबद्दल काही म्हणाले नाहीत."

"मग ही मेणबत्ती कशासाठी?"

"त्याला बरं वाटावं म्हणून," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण घाई नाही, असंही सांगितलंय देवाला."

मी म्हटलं, "बाई, देवाला दोन्हीकडून ओढू नकोस."

तिने मान डोलावली, पण मेणबत्ती काही विझवली नाही.

अकराच्या सुमाराला खिशातला फोन वाजला. लाटणी थांबली. बर्नाडेटने पिठाच्याच हाताने तो कानाला लावला.

"मोहरीची चटणी फ्रीजच्या दारात आहे, स्टॅन!" असं ओरडून तिने फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला तेव्हा पहिल्या पिरोही उकळत्या पाण्यात पडल्या होत्या. या वेळी ती उभी राहिली.

"हो. मीच... अच्छा... सगळ्या आरोपांवर?" मग बराच वेळ ऐकून घेतलं. "आणि माझं काय ठरलंय ते नको आहे का कुणाला? कुठे लिहून ठेवायला वगैरे?... नाही, नाही, समजलं. तुमचेही आभार."

ती खाली बसली. "पाचही आरोपांवर दोषी. मला मोकळं केलं. आता बोलले तरी चालेल."

आणि बोलली नाही. शेवटी ॲग्नेसने शेगडी बंद केली, हात पुसले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"मला हवंय तुझं. बोल. पहिला आरोप?"

"दोषी."

"दुसरा?"

"दोषी. तिसराही."

"चौथा?"

"निर्दोष," बर्नाडेट म्हणाली.

"काय?" ॲग्नेस ताडकन उठली. "बँकेला खोटं लिहून देऊन कर्ज काढलं त्याने! माझ्या भाचीचं घर वाहून गेलंय, बर्नी!"

"बाकी चारांवर मी त्याला सोडलाय का? बस खाली. त्या कागदांवर सही केली तेव्हा तो ऑपरेशन होऊन पडला होता. मेव्हणा कागद घेऊन हॉस्पिटलात गेला. भूल उतरत असताना माणूस कशालाही हो म्हणतो."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या अंगणात ती मासेमारीची बोट उभी आहे ना? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्टॅनने माझ्याकडून हो म्हणवून घेतलं. बोटीच्या कागदांवर माझी सही आहे. मला काऽही आठवत नाही."

ती बोट सगळ्या गावाला माहीत आहे. पाण्यात गेलेली मात्र कुणी पाहिलेली नाही.

"आणि पाचवा?" ॲग्नेसने विचारलं.

"दोषी. पण आधी चौथ्याचं बोल."

ॲग्नेसने बोटांना चिकटलेलं पीठ खरवडून काढलं.

"चौथ्यावर," ती म्हणाली, "मीही सोडला असता. बाकी चारांवर नाही हं!"

"बाकीवर मी तरी कुठे म्हणतेय," बर्नाडेट म्हणाली आणि तिने पहिल्या साक्षीदारापासून सांगायला सुरुवात केली. त्या शुक्रवारी गावाला पिरोही थोड्या कमीच मिळाल्या.