साडूंनी सोडलेली जागा

उभ्या नगर जिल्ह्यात माझ्या साडूंना ज्याचा संशय आला नाही असा एकही माणूस नव्हता, आणि मीही नगर जिल्ह्यातलाच. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात ते उसाच्या वजनकाट्यावर होते. गाडी काट्यावर चढली की आधी गाडीवानाला खाली उतरवायचे, मग त्याचं घोंगडं, मग भाकरीचं फडकं. एकदा म्हणे बैलांनाही रवंथ थांबवायला सांगितलं होतं. ते मात्र मी पाहिलेलं नाही. घरी दूध आलं की बोट बुडवून बघायचे, आणि दूध चांगलं निघालं तर जास्तच काळजीत पडायचे. "आज पानी का घातलं नसंल यानं?"

दुष्काळाच्या त्या वर्षी ऊसच नव्हता. गाळप लवकर आटोपलं आणि साडूंचा सगळा रिकामा संशय रविवार दुपारच्या आमच्या रमीवर येऊन पडला. खेळ चिल्लरचा, आणि खेळणारे चौघे: मी, साडू, कारखान्यातले एक फिटर आणि शाळेतले ड्रॉइंग मास्तर. साडू आधी पानं मोजत, मग पानांच्या पाठीवर नखाच्या खुणा शोधत, मग स्वतः पिसत. खिडकीकडे पाठ करून बसत, म्हणजे ऊन समोरच्याच्या डोळ्यांत. मास्तरांच्या चष्म्यात त्यांची पानं दिसतात हा शोधही त्यांचाच. दोन रविवार त्याचा फायदा घेतला, आणि मग मास्तर मुद्दाम काहीतरी भलतंच दाखवत असतील या धास्तीनं स्वतःच त्यांना चष्मा काढायला लावला. अहो, त्या गरीब माणसाला त्यानंतर बदाम कुठलं आणि चौकट कुठलं तेही कळेना!

पण या चिमूटभर फायद्यांपायी साडूंचं पोट जळायचं. हरले की दोन दिवस अन्न वर्ज्य. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं, पोटात व्रण झालाय, जेवण असंच सुटत राहिलं तर नगरला नेऊन ऑपरेशन. अक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, डोळ्याला पदर लावून मला म्हणाली, "दाजी, खेळ काय सुटायचा न्हाई त्यांचा. निदान हरू तरी देऊ नका."

साडू माझ्या डाव्या हाताला बसायचे, म्हणजे मी टाकलेलं पान उचलायचा पहिला हक्क त्यांचा. झालं, मी मन घट्ट केलं. त्यांनी इस्पिकचा गुलाम उचलला की मी माझा जुळलेला डाव मोडून इस्पिकची राणी टाकायचो. साडू जिंकले. पुन्हा जिंकले. मला वाटलं, आता माणूस पोटभर जेवेल. कसलं काय! पुढ्यात ताट आणि हे बोटांवर मी टाकलेली पानं आठवत बसलेले. "मी जिंकतोय कसा?" म्हणून सोड्यावर सोडा पीत होते. अक्का माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच त्यांना काही चारलंय.

चौथ्या रविवारी साडू आले ते सरळ फिटरच्या डावीकडे जाऊन बसले. फिटरच्या हातून कामाचं पान कधी चुकूनही सुटायचं नाही. शिवाय त्या जागी ऊन तोंडावर. साडू सपाटून हरले. म्हणजे आता दोन दिवस उपास! संध्याकाळी धावत त्यांच्या घरी गेलो, तर साडू दुधात दुसरी भाकरी कुस्करत होते!

"साडू, जागा का सोडलीत? फायद्याची होती."

"हुती की," ते म्हणाले. "पर फायदा येवढासा, आन् त्यापायी सारखी तुमच्यावर नजर ठिवावी लागायची. घास उतरंना मला. समदी दुनिया लबाड निघाली तर निघू द्या. तुमी निघाला असता, तर मी खेळायचं कुनासंगं?"

अक्कानं दारातून मला 'सांगू नका' अशी मान हलवली. मी म्हणालो, "बरं केलंत."

पुढे कितीतरी वर्षं साडू फिटरशेजारी उन्हात बसून हरले आणि घरी जाऊन पोटभर जेवले. ऑपरेशन टळलं. दुधाचा, गाडीवानाचा, मास्तरांचा संशय मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. आता साडू नाहीत. डाव अजून अधूनमधून पडतो आणि माझ्या डावीकडे कुणीतरी बसतं. उभ्या जन्मात त्या माणसानं एकट्या माझ्यावर विश्वास टाकला, आणि डावात लबाडी करणारा तेवढा मीच होतो, हे त्यांना सांगायचं धाडस माझं कधीच झालं नाही.