ओल्या पोत्यांचा राखणदार

लकडगंजजवळच्या एका पडीक प्लॉटवर कॉलेजच्या मुलामुलींनी स्केटबोर्डसाठी सिमेंटचा उतार बांधून घेतला. बांधणारा गवंडी साठीचा. स्केटबोर्डला तो ‘चाकाचा पाट’ म्हणे. घोटलेल्या सिमेंटवरून उलटा तळहात असा फिरवी, की जणू कुणाचा ताप बघतोय. मी रोज फिरायला जाताना त्याला बघायचो.

उतार घोटून झाल्यावर तिसऱ्याच दिवशी उद्घाटनाला नेते आले. उतार ओल्या पोत्यांखाली होता. नेत्यांनी त्याच्या काठावर फोडायला नारळ उगारला, तसा गवंडी आडवा आला.

“काहून गा, सरक नं बाजूले!” कार्यकर्ता खेकसला.

“कच्चं हाय अजून. काठ उडन, मंग पोरं दात पाडून घेतीन.”

“साहेबांले टाइम नाही!”

गवंडी थेट नेत्यांकडे वळला. “देवळाचा ओटा बांधला, तवा देवाले सात दिवस बाहेर बसवलं मी. तुमी त नेतेच.”

देवाच्या पंगतीत बसवल्यावर नेत्यांना नाही म्हणता येईना. नारळ गाडीत परत गेला.

आठव्या दिवशी गवंड्याने पोती उचलली आणि मुलं उतारावरून सुसाट सुटली. नेत्यांची पुढची तारीख अजून मिळायची आहे.