खिळेकाकांचे शुद्धिपत्र

खिळेकाका वाचताना ओठ हलवत नसत, चिमटी हलवत. डाव्या हातात कागद, आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी हवेतून काहीतरी टिपत आहेत, अशी त्यांची वाचण्याची पद्धत होती. समोर बसलेल्याला वाटे, म्हातारा मच्छर पकडतो आहे. चाळीस वर्षे त्यांनी अमरावतीच्या एका छापखान्यात खिळे जुळवले होते. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरे. एकेक अक्षर खणातून उचलायचे आणि ओळीत उभे करायचे. पुढे संगणक आले, छापखाना बंद पडला. पण ही बातमी त्यांच्या बोटांना कोणी दिली नसावी.

त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. तरी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकाचे संपादक तेच होते, कारण संपादक निवडण्याच्या सभेला वेळेवर येणारे ते एकटेच निघाले. बाकीचे आले तेव्हा निवड होऊन चहासुद्धा संपला होता.

मी त्यांच्याकडे गेले ती बी.ए. झाल्यावर. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाबा परतवाड्याला आरामशीनवर लाकूड कापायला होते. माझे पदवीचे प्रमाणपत्र त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून धान्याच्या कोठीत ठेवले होते, उंदीर लागू नयेत म्हणून. एवढ्या पदवीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न चिखलदऱ्याच्या तरुणांच्या शिबिरात सुटला. पाहुण्या प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला लेखणी दिसते आहे, असे सांगितले. त्याच संध्याकाळी त्यांना आणखी अकरा जणांच्या डोक्यावर गिटार दिसली. त्या अकरा जणांचे काय झाले मला माहीत नाही. मी मात्र ख्रिस्ती लेखिका व्हायचे ठरवले.

पहिला लेख घेऊन गेले तेव्हा त्यावर मी ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘हा लेख प्रभूने माझ्याकडून लिहून घेतला.’ काकांनी चिमटी हलवत पहिले पान संपवले आणि चष्म्यावरून पाहिले.

“प्रभूनं लिहून घेतलं?”

“हो काका.”

“मंग तपासून काहून नाही घेतलं? ‘आर्शीवाद’ लिहून राहिली तू. नऊ वेळा. रफार ‘व’वर राहते, पोरी. प्रभूले तं माहीत असन.”

मी म्हटले, भाव महत्त्वाचा. ते म्हणाले, “भाव त् बाप्पा कापसाले राहते.” आणि लेख परत दिला. त्या दिवशी मी बसस्टँडपर्यंत त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना करत गेले. त्यातही थोडा राग होताच.

छापखाना बंद झाला तेव्हा इतर कामगारांनी पंखे नेले, टेबले नेली. काकांनी खिळ्यांचे दोन लाकडी खण, अक्षरे जुळवायची एक पट्टी आणि शाईचा रूळ घरी आणला. काकूंनी महिनाभर अबोला धरला होता म्हणतात. ते खण पलंगाखाली असत. माझ्या तिसऱ्या लेखात ‘अत्यंत अद्भुत, अवर्णनीय व अथांग अशा प्रीतीने’ असे शब्द होते. काकांनी खण बाहेर ओढले, पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “एवढी ओळ जुळव. मंग छापतो.”

अक्षरे उलटी, खण अंधारे, रफार भलत्याच कोपऱ्यात. दुपारभर बसून मी ‘अवर्णनीय’पर्यंत पोचले. बोटे काळी झाली, मान आखडली. मग मीच विचारले, “काका, नुसते ‘प्रीतीने’ चालेल का?”

“मी कोठी नाही म्हणून राहिलो,” ते म्हणाले. “तूच चार पाहुणे घेऊन आलती.”

भाषेचे जे शिक्षण मला तीन वर्षांच्या पदवीने दिले नाही, ते त्या दुपारी पलंगाखालून मिळाले. हे मी उपरोधाने लिहीत नाही, बाकीचे पुष्कळसे लिहिते आहे.

आमच्याकडच्या लेखनाच्या व्यवसायाची माहितीही त्यांनीच दिली. मंडळीत पुस्तक लिहिणारे बरेच. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर उगवता सूर्य, आणि सूर्यापेक्षा मोठा सुटातला लेखक. पुस्तके विकली जात नसत, ‘अर्पण’ होत. लेखकाला मानधन म्हणून प्रार्थना मिळे. छपाईवाल्याला प्रार्थना चालत नसे, एवढाच या व्यवसायातला दोष. “आपल्यात लिवणारे लय,” काका म्हणत, “वाचते तो फक्त प्रूफवाला. त्यालेही नाइलाज आहे म्हणून.” मासिक घरोघर जाई आणि घरोघर त्याच्यावर पापड वाळत. काकांना त्याचे वाईट वाटत नसे. पापडाखाली जे पान असे ते बाई निदान दोनदा पाहते, असे त्यांचे मत होते.

मग साक्षींचा विशेषांक आला. आमच्यात साक्ष म्हणजे प्रभूने आपले जीवन कसे बदलले, ते सांगणे. तिचा एक साचा असतो. आधी दारू, मग मारझोड, मग एखादा अपघात, मग प्रकाश. आधीचा अंधार जितका दाट, तितके शेवटचे ‘हालेलुया’ मोठे. मी बाबांवर लिहायचे ठरवले. अडचण एकच होती. बाबा आजोबांपासून ख्रिस्ती, चहापलीकडे व्यसन नाही, आईवर त्यांनी कधी आवाजही चढवला नव्हता. अशा माणसाची साक्ष होते कशी? तेव्हा मी त्यांना थोडा अंधार पुरवला. आरामशीनवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती, मी तेव्हा पाळण्यात होते. ती बोटे मी लेखात दारूच्या नशेत घालवली.

काकांनी लेख वाचला. एका ठिकाणी त्यांची चिमटी थांबली.

“तुहा बाप दारू पेते का वं?”

“नाही काका. पण साक्ष आहे ना, थोडे…”

“बोटं खरंच गेली?”

“बोटे खरीच गेली.”

“म्हणजे बोटं त्याची अन् दारू तुही.” त्यांनी कागदाची घडी केली. “हे मी नाही छापत.”

मला वाटले, सातवी शिकलेल्या माणसाला साहित्य काय कळणार. ही ओळ लिहायला आज हात जड होतो. पण तेव्हा अगदी सहज वाटली होती.

लेख मी अकोल्याला एका प्रचारक बंधूंकडे पाठवला. जागृती सभांमध्ये वाटण्यासाठी ते साक्षींच्या पुस्तिका काढत. त्यांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. “सिस्टर, बोटं जातात तो भाग लय आशीर्वादित आहे.” त्यांनी लेखाचे नावही बदलले: ‘बाटलीतून जीवनाच्या पाण्याकडे’. महिनाभरात पुस्तिका आली. आत माझे पूर्ण नाव होते, बाबांचे पूर्ण नाव होते आणि गावही होते.

दहा प्रती घेऊन मी परतवाड्याची एसटी धरली. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी हात धुतले, पुसले आणि उरलेल्या तीन बोटांनी पुस्तिका धरून ओळीओळीने वाचली. बराच वेळ लागला. मी कौतुकाची वाट पाहत होते.

“छपाई चांगली आहे,” ते म्हणाले. मग पुन्हा ते पान काढून, “हे मालकानं सांगतलं का तुले?”

“कोणत्या मालकाने?”

आतून आई बोलली. “मशीनचा पट्टा फाटेल होता. यायनं सांगतलंही होतं. अन् बोटं गेली तवा मालकानं अख्ख्या गावाले सांगतलं, पिऊन आलता म्हणून. बारा वर्स लागले बाई लोकायले ते विसरायले.”

बाबांनी पुस्तिका नीट बंद केली आणि पदवी होती त्याच कोठीत ठेवली. एवढेच. ते रागावले असते तर बरे झाले असते.

सकाळच्या पहिल्या गाडीने मी काकांकडे आले. ते म्हणाले, “छापून आलं न? अभिनंदन.” मी रडले. ते मध्ये पडले नाहीत. काकूंनी चहा दिला, तो थंड झाल्यावर दुसरा दिला. मी म्हटले, आता मी कधीच लिहिणार नाही.

“लय सोपं आहे ते,” काका म्हणाले. “घाण करा अन् झाडू टाकून द्या. छापखान्यात चूक झाली का काय करत होतो आमी? शुद्धिपत्र. पुस्तकात एक चिठ्ठी. इकडे अशुद्ध, तिकडे शुद्ध. लिव.”

मी दीड पान लिहिले. त्यात ‘पश्चात्तापदग्ध अंतःकरण’ होते. त्यांनी पलंगाखालचे खण ओढले, बोटांनी चाचपले आणि म्हणाले, “माह्याजवळ ‘द’ तीनच उरले. दग्ध-बिग्ध जमत नाही. ‘दारू’ लागन दोनदा, ते लिवूनच घे. उरला एक. त्याच्यात काय बसवायचं ते बसव.” ‘द्ध’चे खिळे मात्र भरपूर होते. शुद्ध या शब्दाला आमच्याकडे मागणी कमी.

तास-दीड तासाने चार ओळी उरल्या. मी त्या त्यांना दिल्या. त्यांनी घेतल्या नाहीत.

“मले काय दाखवते? ज्याचं आहे त्याले वाचून दाखव.”

मी परतवाड्याला शेजाऱ्याच्या मोबाइलवर फोन लावून बाबांना बोलावून घेतले, आवाज काकांनाही ऐकू जाईल असा ठेवला आणि ‘शुद्ध’खालचा भाग वाचला: ‘यंत्राचा पट्टा फाटका होता. त्यांनी मालकाला तीन वेळा सांगितले होते. ते दारू पीत नाहीत.’

पलीकडून बाबा म्हणाले, “तीन नाही. दोन वेळा सांगतलं होतं.”

काकांनी ते ऐकले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. “बाप लेखक आहे तुहा,” ते म्हणाले. “पोरगी काहून अशी निंगाली?” आणि शेवटचा ‘द’ त्यांनी ‘दोन’साठी उचलला.

त्यांचा आजार तेव्हा सुरू झाला होता. आम्हाला कोणाला सांगितला नव्हता. चार ओळी जुळवायला संध्याकाळ झाली. मग शाई लावायची, कागद ठेवायचा, वर लाकडी ठोकळा ठेवून ठोकायचे, असे करत आम्ही तीनशे चिठ्ठ्या काढल्या. चूक कोणाची तेही त्यांनी छापायला लावले. खाली दोनच शब्द: ‘चूक लेखिकेची.’

चिठ्ठ्या पिशवीत भरून आम्ही दोघे एसटीने अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरपर्यंत काका खिडकीशी टेकून डोळे मिटून होते. बंधूंच्या खोलीत पुस्तिकांचे गठ्ठे होते. चिठ्ठी वाचून ते चकित झाले.

“ब्रदर, साक्षीचं शुद्धिपत्र? असं कोठी राहते का?”

“साक्ष खोटी असली का राहते,” काका म्हणाले. “कोर्टात त् जेल राहते.”

“पण या पुस्तिकेनं आत्मे वाचून राहिले, ब्रदर.”

“वाचून राहिले न? मंग बरोबर वाचू द्या.”

पुढच्या आवृत्तीत पाहू, असे बंधू म्हणू लागले. तोवर काका फरशीवर बसून पहिला गठ्ठा सोडत होते. एका सत्तरीच्या माणसाला उठवायचे कसे, याबद्दल पवित्र शास्त्रात काही सूचना नसावी. त्यामुळे बंधूही शेवटी खाली बसले आणि चिठ्ठ्या घालू लागले. वाटल्या गेलेल्या प्रती वाटल्या गेल्या. त्या कोणाच्या घरी अजून खोटे बोलत असतील, हे मला ठाऊक आहे. उरलेल्या चिठ्ठ्या मी परतवाड्याला नेल्या. बाबांनी त्या मोजल्या नाहीत, वाचल्या नाहीत. एक घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकली, बाकीच्या कोणाकोणाला दिल्या ते सांगितले नाही. आईकडून कळले, जुना मालक आता अंथरुणाला खिळून आहे आणि बाबा एकदा त्याच्याकडे जाऊन आले. दोघांनी चहा घेतला म्हणे.

काका त्याच वर्षी उन्हाळ्यात गेले. मासिक माझ्याकडे आले, कारण सभेला मी वेळेवर पोचले. साक्षी अजून येतात. ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याला फोन लावून मी प्रत्येक साक्ष वाचून दाखवते. त्यामुळे मासिकाची पाने बरीच कमी झाली आहेत.

काकांच्या दफनाच्या दिवशी ऊन फार होते. कबरस्थानात मोजकीच माणसे. बाबा परतवाड्याहून एकटे एसटीने आले होते. काकांना त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. शेवटची माती टाकून झाल्यावर, तीन बोटांचा हा अनोळखी माणूस कडेला उभा पाहून नवे पाळकसाहेब आस्थेने त्यांच्याजवळ गेले.

“आपण काकांचे कोण?”

“कोणी नाही,” बाबा म्हणाले. मग त्यांना ते अपुरे वाटले असावे. “यायनं मले शुद्ध केलं.”

पाळकसाहेबांचा चेहरा जरा बदलला. इतक्या गंभीर प्रसंगी चूक दुरुस्त करावी की नाही, असा त्यांना प्रश्न पडलेला दिसला. पण कर्तव्य ते कर्तव्य. ते हळू आवाजात म्हणाले, “तसं म्हणू नये, बाबा. शुद्ध फक्त प्रभू करतो.”

बाबांनी विचार केला. खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली आणि त्यांच्यापुढे धरली.

“असन,” ते म्हणाले. “पण छापलं यायनं.”