सहा बटणं, अकरा मिनिटं

बुधवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी वेंग बारा नंबरच्या खोलीतल्या औषधांची ट्रे तपासत होती. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, पोट साफ होण्याची पावडर. खोलीतल्या तिघा रुग्णांच्या तीन खणांवर तिने बोट ठेवून नावं वाचली आणि रात्रपाळीच्या नोंदींवर नजर टाकली. खिडकीकडच्या पलंगावरचे हेर क्रेमर (जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत) चार वेळा उठले होते, चारही वेळा स्वतःच्या पायांनी. साडेसात वाजता वेंगची परीक्षा होती. पण परीक्षा आहे म्हणून कुणाचा रक्तदाब वाट बघत नाही, त्यामुळे ती नेहमीसारखी कामाला लागली होती.

वेंगचं कागदोपत्री नाव रोवेना पामप्लोना. वय चौतीस, गाव फिलिपिन्समधलं इलोइलो. कोलोन शहराच्या, ऱ्हाईन नदीपलीकडच्या भागात एका हॉस्पिटलच्या वृद्धविभागात ती दीड वर्षापासून काम करते. इलोइलोला ती नऊ वर्षं नर्स होती. इथे मात्र तिच्या छातीवरच्या पट्टीवर ‘मदतनीस’ असं लिहिलेलं आहे, कारण परदेशी नर्सला जर्मनीत पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर परीक्षा द्यावी लागते. परीक्षेला दोनच संधी मिळतात. वेंगची पहिली मार्चमध्ये गेली. दुसरी आज होती. तिचा राहण्याचा परवाना याच मान्यतेसाठी दिलेला होता आणि तो नोव्हेंबरात संपत होता.

मार्चमध्ये ती नापास कशी झाली, हे तिच्या विभागात अजून सांगितलं जातं. शहात्तर वर्षांच्या एक बाई तिला रुग्ण म्हणून दिल्या होत्या. वेंगने त्यांना पुसून काढलं, केस विंचरले, कपडे घातले, मोजे चढवले, पावाला लोणी लावून त्याचे चार तुकडे केले आणि कपाचा कान त्यांच्या बोटांत अडकवून दिला. सगळं एकोणीस मिनिटांत. ‘राणीसारखं वाटलं हो!’ असं त्या बाई परीक्षकांना म्हणाल्या. वेंगने घरी मेसेज केला आणि ती जिच्याकडे राहते त्या आते लुझने पान्सित, म्हणजे त्यांच्या शेवया, फोडणीला टाकल्या.

शेवया खाली उतरण्याआधी निकाल आला. तंत्र निर्दोष, स्वच्छता उत्तम, नापास. खाली एक ओळ होती : रुग्ण जे जे स्वतः करू शकते, ते सगळं परीक्षार्थीने केलं.

ही चूक आळशी नर्सकडून होण्यासारखी नाही. इलोइलोच्या सरकारी दवाखान्यात एका नर्सच्या वाट्याला चाळीस रुग्ण असतात. ती सुया टोचते, सलाइन लावते, नोंदी ठेवते. अंग पुसणं, भरवणं, कपडे घालणं हे सगळं नातेवाईक करतात, त्यासाठी प्रत्येक पलंगापाशी घरचं कुणीतरी बसलेलंच असतं. जर्मनीत आल्यावर वेंगला कळलं की इथे ही कामंसुद्धा नर्सचीच. तिने साधा हिशेब केला : नातेवाइकांची जागा आपल्याकडे आली असेल, तर नातेवाईक करतात तसं करायचं. आणि कुठला नातेवाईक घरच्या म्हातारीला मोज्याशी झटापट करू देईल?

जर्मन नर्स देते. शेजारी उभी राहते, बघते आणि देते. त्यालाच इथे काम म्हणतात.

आते लुझला हे पटायला वीस वर्षं लागली होती. ‘आते’ म्हणजे ताई. ती वेंगच्याच देशाची, पण नातेवाईक नव्हे, तिच्या घरात एक खोली जास्तीची होती म्हणून झालेली ताई. वय छप्पन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, आणि प्रत्येक गोष्टीवर एक उपाय. मार्चच्या निकालानंतर तिने उपाय सांगितला : ‘सराव. कुणीतरी म्हातारा आण.’

म्हातारा खालच्याच मजल्यावर सापडला.

तिथे पुण्याची मैथिली राहते. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिची पार्सलं वेंग घेऊन ठेवते, कारण पार्सल येतं तेव्हा पाळीच्या नोकरीवालेच घरी असतात. मे महिन्यात मैथिलीचे सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले. पहिल्याच भेटीत वेंगने वाकून सासऱ्यांचा, म्हणजे यशवंतरावांचा, हात हातात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. फिलिपिन्समध्ये मोठ्या माणसाला असाच नमस्कार करतात. यशवंतराव सुनेकडे वळून म्हणाले, ‘ध्रुवला शिकव हे. आजोबा आले तर नातू हालो म्हणतो आणि तेही दुसरीकडे बघत.’

त्यामुळे रुग्ण व्हाल का, असं विचारल्यावर ते लगेच तयार झाले. रविवारी दुपारी वेंगच्या स्वयंपाकघरात बनियनवर खुर्चीत बसले. उजवा हात कमजोर दिसावा म्हणून मैथिलीने तो ओढणीने अर्धा बांधला. समोर सहा बटणांचा शर्ट ठेवला. त्यांच्या पत्नी सुधाताई डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

‘टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं खांबांवर चढलोय मी,’ यशवंतराव म्हणाले. ‘बटणांचं काय घेऊन बसलात.’

‘अहो, तुम्ही आजारी आहात. कमी बोला,’ सुधाताई म्हणाल्या.

पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसरं काजात शिरून परत बाहेर आलं आणि वेंगचा हात आपोआप पुढे गेला. आते लुझने लाकडी डाव त्यावर मारला.

‘हात!’

‘मी काही केलं नाही!’

‘करणार होतीस.’

चौथ्या बटणाला हात पुन्हा गेला, डाव पुन्हा बसला. सुधाताईंना हा खेळ भलताच आवडला. ‘अहो, एक्केचाळीस वर्षांत तुम्हाला पहिल्यांदा बटणं लावताना बघतेय.’

‘मी रोज लावतो!’

‘वरचं रोज मी लावते.’

‘ते मला दिसत नाही म्हणून!’

‘मैथिली, हिला सांग,’ सुधाताई म्हणाल्या, ‘हात मोकळे ठेवले की ते धावणारच. माझंही तेच होतं. पाहुण्याने बास म्हटलं की वाढायचं नाही असं मी ठरवते, आणि मग दोन्ही हातांनी पोळ्यांचा डबा धरून उभी राहते.’

‘आई, आणि मग तुम्ही पोळी वाढता.’

‘पोळीचं वेगळं.’

मैथिलीने इंग्रजीत सांगितलं. वेंगने भुवया उंचावल्या. हे सुधाताईंना अपमानाचं वाटलं, पण फिलिपिन्समध्ये भुवया उंचावणं म्हणजे ‘हो’. उत्तरादाखल यशवंतरावांनी मान डोलावली, तिचा अर्थ आते लुझला अजून लागलेला नाही. पुढच्या फेरीला वेंगने चहाचे दोन भरलेले मग दोन हातांत धरले. यशवंतरावांना चौदा मिनिटं लागली. चहा सांडला नाही. नंतर जेवताना कुणी कुणाला वाढायचं नाही असा नियम झाला. तो चार मिनिटं टिकला. पाचव्या मिनिटाला वेंगच्या ताटात डावीकडून साबुदाण्याची खिचडी आणि उजवीकडून शेवया एकदमच पडल्या.

असे सहा रविवार झाले.

बुधवारी साडेसातला दोन परीक्षक आल्या. एक फक्त लिहीत होती, बोलण्याचं काम फ्राऊ, म्हणजे श्रीमती, केसेनिश यांच्याकडे होतं. उंच बाई, गळ्यात चष्मा. वेंगने आदल्या दिवशी करून दिलेला आराखडा त्यांच्या हातात होता. त्यात हेर क्रेमर यांच्यापुढे लिहिलं होतं : शर्ट – स्वतः, गरज पडल्यास फक्त तोंडी मदत.

हेर क्रेमर एक्क्याऐंशी वर्षांचे. चौतीस वर्षं शहरात ट्राम चालवली. तीन आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं मंदावली. वेंग मनातल्या मनात त्यांना ‘लोलो’ म्हणते, म्हणजे आजोबा. गुरुवारी ते घरी जायचे होते.

तोंड धुणं, दाढी, विजार इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. शर्ट आला. इथे चहाचे मग नव्हते. वेंगने खुर्चीवरचा मोठा टॉवेल उचलला, त्याची चौकोनी घडी केली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

पहिलं बटण दीड मिनिटात लागलं. दुसरं निसटलं, परत निसटलं, मग लागलं. तिसऱ्याला हेर क्रेमर थांबले. त्यांनी परीक्षकांकडे पाहिलं, वेंगकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. तो तरीही खोलीभर ऐकू गेला.

‘पोरी, परीक्षा आहे ना तुझी? ये, तू लाव. पटकन होईल. मी यांना सांगतो, तू छान करतेस.’

लिहिणाऱ्या बाईंचं पेन थांबलं. वेंगने घरातल्या, शाळेतल्या किंवा चर्चमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याला आजवर समोरासमोर नकार दिला नव्हता. काही टाळायचं असलं तर ती हसायची आणि विषय बदलायची. तिने टॉवेल घट्ट धरला.

‘नाही, हेर क्रेमर.’

‘नाही?’

‘उद्या तुम्ही घरी जाणार. शुक्रवारी सकाळी शर्ट कोण घालून देणार आहे?’

हेर क्रेमर यांनी खरोखर विचार केला. ‘कुणी नाही,’ ते म्हणाले. ‘मागच्या इमारतीतली एक बाई आहे, पण तिला मी देणार नाही लावायला.’

‘मग आज तुम्हीच.’

ते पुटपुटत पुन्हा कामाला लागले. नाश्त्याची ट्रे आली, बाजूच्या टेबलावर कॉफी वाफाळत राहिली आणि मग वाफ थांबली. तिसरं, चौथं, पाचवं. पाचव्यानंतर हेर क्रेमर विजयी मुद्रेने शर्टाच्या टोकाकडे गेले. तिथे एक काज शिल्लक होतं आणि त्याच्या समोर काहीच नव्हतं. वर गळ्यापाशी एक बटण एकटंच उरलं होतं.

वेंगला हे दुसऱ्याच बटणापासून दिसत होतं. एका झटक्यात सरळ करता आलं असतं, दहा सेकंदांचं काम. तिने टॉवेल काखेत धरून भिंतीवरचा हाताएवढा आरसा उतरवला आणि त्यांच्यासमोर धरला. आरशालाही दोन हात लागतात.

‘काय दिसतंय?’

हेर क्रेमर बराच वेळ बघत राहिले. ‘चौतीस वर्षं ट्राम चालवली,’ ते म्हणाले, ‘एक थांबा कधी चुकवला नाही. आणि आज पहिलाच स्टॉप सोडून गाडी पुढे!’ मग ते इतके हसले की पलीकडच्या पलंगावरचे जागे झाले. सगळी बटणं सोडून त्यांनी परत सुरुवात केली. या वेळी खालून. खालून सोपं पडतं, हे त्यांनी स्वतः शोधलं आणि पुढे सगळ्या विभागाला सांगितलं.

एकूण अकरा मिनिटं.

नंतर छोट्या खोलीत चर्चा झाली. फ्राऊ केसेनिश यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कॉफी गार झाली. पुढच्या वेळी काय बदलाल?’

‘नाश्ता पंधरा मिनिटं उशिरा मागवीन.’

‘बटणं चुकली आहेत हे तुम्हाला आधीच दिसलं होतं?’

वेंगने भुवया उंचावल्या. फ्राऊ केसेनिश थांबून राहिल्या. लिहिणाऱ्या बाईही थांबल्या. दहा सेकंद गेल्यावर वेंगच्या लक्षात आलं. ‘हो,’ ती घाईने म्हणाली. ‘हो, दिसलं होतं. पण त्यांना दिसायला हवं होतं.’

‘गेनाऊ,’ फ्राऊ केसेनिश म्हणाल्या. बरोबर. मग चष्मा काढत त्यांनी विचारलं, ‘आणि तो टॉवेल? आराखड्यात तो कुठेच नाही.’

सुधाताई, पोळ्यांचा डबा, लाकडी डाव, हे सगळं जर्मनमध्ये सांगणं वेंगला जमलं नसतं. ‘माझे हात धावतात,’ ती म्हणाली.

अकरा चाळीसला निकाल सांगितला. उत्तीर्ण.

आते लुझ या वेळी सावध होती. मेसेज येईपर्यंत तिने शेवयांचं पाकीटसुद्धा उघडलं नव्हतं. संध्याकाळी सहा वाजता तिसऱ्या मजल्यावर, वेंगच्या घरी, सगळे जमले. यशवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली लोंबत होतं. वेंगने पाहिलं, आते लुझने पाहिलं, मैथिली खोकली.

‘मी काही केलं नाही,’ सुधाताई वेंगला म्हणाल्या. ‘दोन्ही हातांत डबा होता.’

‘काय झालं?’ यशवंतरावांनी विचारलं. चौघीही ताटांकडे बघू लागल्या. ध्रुवने मान वर केली, आजोबांना जर्मनमध्ये सांगितलं की बटणं चुकलीत, आणि परत मोबाइलमध्ये गेला. यशवंतरावांना जर्मन येत नाही. त्यांनी मान डोलावली.

मान्यतेचा कागद सरकारी कचेरीतून यायला सहा आठवडे लागतात, तोवर पट्टीवर ‘मदतनीस’च राहील. परवान्यासाठी मात्र निकालाचं पत्र पुरतं आणि ते वेंगच्या पिशवीत होतं. विभागाच्या फलकावर उद्याचा तक्ता लागलेला आहे. पामप्लोना, सकाळची पाळी, सहा वाजल्यापासून, खोल्या अकरा ते चौदा. बारा नंबर, खिडकीकडचा पलंग : घरी जाण्याची गाडी दहा वाजता. शर्ट पावणेसातला, स्वतः. नाश्ता सात वाजता.