शेजारची जागा

माझे मिस्टर मदिनेत वारले, आणि त्यानंतर आठ महिने लोक माझं अभिनंदन करत होते.

उमऱ्याला गेलो होतो आम्ही, मुलाला धरून तिघं. मक्केतलं सगळं नीट पार पडलं. मदिनेत तिसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलात "जरा पडतो" म्हणाले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजनंतर हजारो अनोळखी माणसांनी त्यांच्या जनाज्याची नमाज पढली आणि मशिदीजवळच्या बकी नावाच्या कबरस्तानात त्यांना दफन केलं. तिथे बायकांना आत सोडत नाहीत. मी बाहेर, जाळीला धरून उभी. आत नुसती माती आणि दगड. कोणाच्याच कबरीवर नाव नाही, मग तो केवढाही मोठा माणूस असो. मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, "अम्मी, वाटेपासून तिसरी रांग. लालसर दगड आहे." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आत गेला आणि परत आल्यावर माझ्याकडे बघेना. लालसर दगड बरेच होते.

मी अमेरिकेत, प्लेनोला परतले तर घर माणसांनी भरलेलं. "आपा, किती नशीबवान! मदिनेची माती कोणाला मिळते?" मशिदीतल्या बायका माझे हात हातात घेऊन म्हणायच्या. समोरच्या रिटायर्ड डॉक्टरीणकाकू, मूळच्या साताऱ्याच्या, त्याही खिचडीचा डबा ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "आमच्यात काशीला मरण आलं की म्हणतात, तसंच की गं हे." आता नशीबवान बाईने रडायचं कसं? मी मान हलवायचे आणि चहा टाकायचे. खरं सांगते, मला त्या शहराचा राग आला होता, आणि तो कोणापाशी बोलून दाखवायची सोय नव्हती.

त्या शहराशी माझं भांडण तसं जुनंच. अमेरिकेत आल्यापासून दर वर्षी मी म्हणायचे, चला परत दापोलीला. मग हे मला मदिना सांगायला बसायचे. पैगंबरसाहेब आणि त्यांची माणसं मक्केत घरदार सोडून आली, तेव्हा मदिनेकरांनी एकेका परक्याला भाऊ मानलं, घरात घेतलं, जे होतं त्यातलं अर्धं पुढे केलं. पुढे मक्का हाती आली. जन्मगावच ते. मदिनेची माणसं धास्तावली, आता हे जातात आपल्या गावी. पण ते मदिनेतच परतले, आणि त्यांची कबरही तिथेच. "कळलं? जन्म एकीकडे, घर दुसरीकडे," म्हणत हे गाडीची किल्ली उचलायचे. मी म्हणायचे, "प्लेनोत कोणी अर्धं घर दिलं ते दाखवा, मग बसते गप्प."

एकदा खरंच दाखवायला घेऊन गेले. गावाबाहेर आमच्या लोकांचं कबरस्तान आहे, तिथे त्यांनी शेजारी शेजारी दोन जागा घेऊन ठेवल्या होत्या. "ही तुझी, ही माझी. झालं समाधान?" झालं होतं. कोकणचा विषय मी त्या दिवशी सोडला. मेल्यावर का होईना शेजार पक्का, एवढं मला पुरत होतं. आणि मला असा शब्द देऊन हा माणूस मदिनेत राहिला.

दर रविवारी मी तिथे जायला लागले. गाडी नेहमी हेच चालवायचे, हायवेवर माझे हातपाय गळतात, म्हणून आतल्या रस्त्यांनी, चाचरत. घडीची खुर्ची मांडून त्यांच्या रिकाम्या जागेपाशी कुराणातली यासीन पढायचे, गवताला पाणी घालायचे. तिथला गवत कापणारा माणूस एकदा जवळ आला. "मॅम, इथे कोण आहे?" त्याने विचारलं. "कोणी नाही," मी म्हणाले. त्याने माझ्या हातातल्या पाण्याच्या कॅनकडे पाहिलं आणि मशीन बंद करून लांब जाऊन उभा राहिला.

मुलगा दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला असतो. फोनवर म्हणाला, "अम्मी, ती स्पेस मशिदीला डोनेट करू या ना. अब्बा तिथे येणार नाहीयेत, यू नो दॅट." मी फोन ठेवला आणि दोन आठवडे उचलला नाही.

मग एका सकाळी मशिदीतून फोन आला. सुदानहून नुकत्याच आलेल्या मायलेकी, त्यातली आई गेली होती. दुपारी दफन करायचं आणि कबरस्तानाचा नवा भाग अजून उघडलेला नाही. "आंटी, अंकलची ती जागा रिकामी आहे ना?"

"रिकामी नाही," मी म्हणाले आणि फोन आपटला.

ओट्याशी उभी राहिले. मनात आलं, मदिनेत अर्धं घर देणाऱ्या पुरुषांची गोष्ट सगळे सांगतात. त्या घरातल्या बाईला काय वाटलं असेल? तीही कुरकुरली असेल. तिच्याही कोणा माणसाची जागा असेल ती. आणि तरी तिने सरकून घेतलं असेल, दुसऱ्या चुलीची माणसं आत घेतली असतील. हे समोर असते तर म्हणाले असते, कळलं? मी मशिदीत फोन लावला. "द्या त्यांना," म्हटलं, आणि लगेच पश्चात्तापही झाला.

दफन झालं. माणसं पांगली. मुलगी विशीतली, कोणाचा तरी मोठा कोट अंगात. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने आईच्या शेजारच्या गवताकडे बोट केलं, हे कोणाचं?

मी छातीवर हात ठेवला.

ती गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. मीही रडले, आठ महिन्यांचं साठलेलं, नाक पुसायचं भान नव्हतं. ती मला नशीबवान म्हणाली नाही.