मॅडम, माझा धोका खोडा

"मॅडम, उद्या त्याने परत कोयता उचलला तर तुम्ही येणार का अडवायला?"

हा प्रश्न मला गावदेवीच्या देवळात, भरसभेत, माईकवर विचारला गेला. विचारणारे गृहस्थ मूळ गावातले नव्हते. गावाला खेटून उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी होते.

मी माईक घेतला. "नाही येणार. पळस्पे फाट्यावर ट्रॅफिक एवढं असतं, की मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल."

देऊळ हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांची मुलं याच रस्त्याने शाळेत जायची.

मी प्रोबेशन ऑफिसर. सरकारी मराठीत परिविक्षा अधिकारी, पण हा शब्द माझ्या आईला शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही. ती शेजारी सांगायची, "आमची सुधा कैद्यांचं बघते." तेवढं पुरेसं आहे. जन्मठेपेच्या कैद्याने बरीच वर्षं आत काढली, की त्याला उरलेली शिक्षा माफ करून सोडायचं का, याचा सरकार विचार करतं. त्यासाठी पोलिसांचं, जेलचं, कोर्टाचं मत मागवतात आणि माझंही. मी कैद्याच्या गावी जाते, घर बघते, लोकांचे जबाब घेते आणि रिपोर्ट लिहिते. रिपोर्टात एक कॉलम असतो: 'सुटकेनंतर समाजास धोका आहे काय?' पुढचं दिसायची विद्या मला असती, तर मी नोकरी सोडून पनवेलच्या एसटी स्टँडसमोर पाटी लावून बसले असते.

कैद्याचं नाव काशिनाथ. त्याने खून केला होता, याबद्दल गावात दुमत नव्हतं. गावच्या क्रिकेट टूर्नामेंटची फायनल होती. काशिनाथ आणि महेंद्र लहानपणापासूनचे दोस्त आणि ओपनिंगची जोडी. महेंद्रने 'नो' म्हटलं नाही आणि काशिनाथ रनआऊट झाला. मॅच गेली. मग दोघं प्यायले, आणि त्याच रनआऊटवरून जुंपली. महेंद्रने सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. काशिनाथ घरी गेला, कोयता घेऊन मैदानात परत आला.

कोर्टाने नेमकं हेच धरलं. रागाच्या भरात हात उठणं वेगळं आणि घरी जाऊन हत्यार आणणं वेगळं. जन्मठेप लागली. लागायलाच हवी होती.

आता सुटकेची फाइल हलली आणि गाव पेटलं. मोबाईलवर बातम्या देणाऱ्या एका चॅनेलने 'खुनी सुटणार?' म्हणून मतदान लावलं. त्याखाली लोकांनी एकमेकांचे बाप काढले. एक पार्टी म्हणे, जन्मठेप म्हणजे जन्मभर. दुसरी म्हणे, माणूस आत म्हातारा व्हायला आला, आता किती? सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची कोटेशन्स फिरू लागली.

मी देवळातच एका कोपऱ्यात टेबल मांडून जबाब घ्यायला बसले. एकेक जण येई, खुर्चीत टेकून सांगे, "धोका हाय." बस. पुढचा येई, "धोका हाय." इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे. जबाब देताना माणसं भरकटतात. शेजाऱ्याची भिंत, सुनेचा स्वभाव, गुडघेदुखी, सगळं येतं. इथे कोणीच भरकटेना. काशिनाथचा सख्खा चुलतभाऊसुद्धा आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "धोका हाय."

मी गावच्या पोलीस पाटलांना बाजूला घेतलं. "पाटील, हे सगळे पाठ करून आल्यासारखे का बोलतायत?"

पाटलांनी इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, खरा सांगू? माज्या पोरीचा लगीन हाय."

"अभिनंदन. त्याचा इथे काय संबंध?"

"गोमीआय बोलली हाय. काशिनाथ सुटला तर ती या गावात धवला बोलनार नाय."

गोमीआय म्हणजे महेंद्रची आई. आणि गोमीआय म्हणजेच गावची धवलारीण. आगरी लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. धवले म्हणजे लग्नाची गाणी. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला ती गाते, आणि पुढे काय करायचं ते तीच सांगते. हळदीला ती सगळ्या देवांना आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाचं आवतण देते. गोमीआयचा आवाज पंचक्रोशीत गाजलेला. आणि लग्नाचा सीझन तोंडावर आला होता.

"म्हणजे तुमच्या जबाबातला धोका काशिनाथचा नाहीच?"

"आता हलदीला धवलारीन नाय, याच्यापेक्षा मोठा धोका कंचा?" पाटील म्हणाले. ते अगदी मनापासून बोलत होते.

मला हसूही आलं आणि चीडही आली. अख्ख्या गावाचे जबाब माझ्या हातात होते आणि त्यातला एकही माझ्या कॉलमच्या कामाचा नव्हता.

काशिनाथला मी जेलमध्ये जाऊन भेटले. केस पिकलेले, आवाज खाली. मी आडून आडून विचारत नाही. "घरी जाऊन परत आलात. तेवढ्या वाटेत राग उतरला नाही?"

तो म्हणाला, "उतरला होता, मॅडम."

"मग?"

"कोयता हातात घेतला तवाच उतरला होता. पन सगली बगत होती. परत फिरायची लाज वाटली."

इतक्या कैद्यांना मी हा प्रश्न विचारला आहे. दारू, नशीब, देवाची मर्जी, सगळी उत्तरं ऐकली आहेत. हे उत्तर ऐकून मी पेन खाली ठेवलं. लोकांसमोर परत फिरायची लाज, हाच या माणसातला धोका होता. ती लाज अजून तशीच आहे का, एवढंच आता मला शोधायचं होतं.

तिथून मी थेट गोमीआयकडे गेले. ओटीवर बसून ती सुकी मच्छी निवडत होती. मला बसायला पाट दिला आणि आधीच बजावलं, "माजा जबाब लिवून घे. त्याला सोरू नका."

"लिहिते. तो परत कोणाला मारेल, असं वाटतं तुम्हाला?"

"नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने मान वर न करता सांगितलं, की काशिनाथ मागे संचित रजेवर आला होता. म्हणजे फर्लोवर. जेलमधून कैद्याला अधूनमधून थोडे दिवस घरी सोडतात, ती रजा. तेव्हा पनवेलच्या स्टँडवर गोमीआयचा पुतण्या निलेश त्याला आडवा गेला. भर गर्दीत आईवरून शिव्या दिल्या, कॉलर धरली. गोमीआय तिथेच एसटीची वाट बघत उभी होती.

"त्यानं काय केलं?"

"काय नाय. कॉलर सोरवली आनि परत फिरला. लोक हसली त्याला. रिक्षावाले पन हसले. तो गेला खाली मान घालून."

"मग गोमीआय, हे गावाला का नाही सांगितलंत?"

आता मात्र ती भडकली. "कशी सांगू? देवलात सगल्यांसमोर बोलली मी, त्याला सोरला तर धवला बंद. आता परत फिरू? लोक काय बोलतील?"

हीच लाज मी तासाभरापूर्वी जेलमध्ये ऐकली होती. पण ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तो आला की सगली त्याच्या भवती जमतील. माज्या महेंद्राचं नाव कोन घेनार?" आणि पदर डोळ्याला लावला. माझेही डोळे भरून आले.

अशा वेळी समजूत घालायची नसते. मी कामाचं विचारते. "समजा तो सुटला. त्याच्या मुलीचं, प्राचीचं लग्न निघालं. हळदीला आवतण देताना कोणाकोणाची नावं घ्याल?"

कामाचं विचारलं की कसबी माणसाला राहवत नाही. गोमीआयने बोटांवर मोजत सुरू केलं. गावदेवी, खंडोबा, एकवीरा, मग काशिनाथचा आजा, बाप, लहानपणी गेलेली बहीण. बोट थांबलं.

"आनि माजा महेंद्र," ती म्हणाली. "त्यांच्या घरच्या मानसांत. आनि आवतन काशिनाथनं द्यायचा. मोठ्यानं. माईकवर."

दुसरी सभा मी मागितली नाही, गोमीआयनेच बोलावली. देवळात उभी राहून तिने अट सांगितली: काशिनाथने हळदीला माईकवर महेंद्रला आवतण दिलं, तर धवला बंद होणार नाही. अट सांगणं म्हणजे काही परत फिरणं नव्हे, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. काशिनाथची मुलगी प्राची उठून तिच्या पाया पडली. "आजी, महेंद्रकाका मला गाडीवरून जत्रेला न्यायचा. त्याला नाही बोलवायचं तर कोणाला?" नावाची अट तिथल्या तिथे मान्य झाली.

मग गोमीआय म्हणाली, "आनि त्या हलदीत दारू नाय."

यावर मात्र जी चर्चा पेटली तशी सुटकेवरही पेटली नव्हती. कोरडी हळद? पाव्हणे काय म्हणतील? एका काकांनी तर विचारलं, बिअर दारूत धरायची का. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्यांदाच खूश दिसले. शेवटी गोमीआयने नुसतं बघितलं आणि ठराव पास झाला.

सभा संपली आणि माझ्या टेबलापुढे रांग लागली. सगळ्यात पुढे पोलीस पाटील. "मॅडम, माझा धोका खोडा."

"असं खोडता येत नाही. नवा जबाब द्या."

"मग नवा लिवा. धोका नाय."

"आणि कारण?"

पाटलांनी डोकं खाजवलं आणि मग त्यांना स्टँडवरची गोष्ट आठवली. ती पाहिलेली अनेकांनी होती, फक्त आतापर्यंत कोणी बोललं नव्हतं. आता सगळे भरकटू लागले, गुडघेदुखीही आली, आणि माझा जीव भांड्यात पडला. फक्त निलेशने जबाब बदलला नाही. मी त्याचा विरोध जसाच्या तसा रिपोर्टला जोडला. तो त्याचा हक्क होता.

अलिबागहून साहेबांचा फोन आला. "बाई, आधी सगळे म्हणतात धोका आहे, आता म्हणतात नाही. तुम्ही गावाला काय पाजलं?"

"उलट बंद केली, सर."

"कॉलममध्ये काय लिहिलंय हे? हो की नाही?"

"सर, भर गर्दीत अपमान होऊनही हा माणूस परत फिरला, असं लिहिलंय. पुढचं मला कळत नाही."

"वरच्यांना हो-नाही लागतं."

"मग 'नाही' लिहा, आणि खाली माझं वाक्य राहू द्या."

साहेबांनी राहू दिलं. सरकारने सरकारी वेळ घेतला आणि काशिनाथ सुटला. प्राचीने तोवर लग्न थांबवून ठेवलं होतं.

हळदीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. गोमीआय नवी कोरी साडी नेसून माईकसमोर बसली आणि तिने काशिनाथला खूण केली. तो उभा राहिला. सगळ्यांचे मोबाईल त्याच्याकडे वळले. त्याने माईक धरला. त्याने दाराकडे पाहिलं. मग माईक तोंडाशी नेला.

"महेंद्रा," तो म्हणाला. "प्राचीचा लगीन हाय. तू ये."

"माला नाय ऐकू आला," गोमीआय म्हणाली.

"महेंद्रा, ये रे!" तो ओरडला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. निलेश आला नव्हता, पण माईकचा आवाज गावभर होता, त्यालाही ऐकू गेलं असणार. गोमीआयने डोळे मिटले आणि धवला उचलला. काय आवाज होता! माझ्या अंगावर काटा आला. मग प्राचीला हळद लागली, बेंजोचा बँड सुरू झाला आणि बिअरविना पब्लिक अशी नाचली, की टॉवरच्या गॅलऱ्या भरल्या. थोड्या वेळाने सेक्रेटरी बायको-मुलांसकट खाली उतरले. आणि गोमीआय मूठभर हळद घेऊन सरळ माझ्याकडे आली.

ऑफिसच्या गाडीची सीट अजून पिवळी आहे. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, कैद्यापासून समाजाला किती धोका आहे याचा कॉलम आपल्याकडे आहे, समाजापासून ऑफिसरच्या साडीला किती याचा नाही.

आता जबाब घेताना मी धोक्याचं शेवटी विचारते. या माणसाला लोकांसमोर परत फिरता येतं का, हे आधी बघते. आणि फिरला तर गावाने हसू नये, एवढं गावाला सांगून ठेवते. हळदीला मात्र जुनी साडी नेसून जाते.