तोंडावरचं बोट

मी शाळेत खिचडी शिजवते. आज तांदूळ निवडताना खिडकीतून सातवीचा वर्ग दिसत होता. संगणकाच्या पडद्यावर दोरीला टांगलेला गोळा झुलत होता. बाजूला दोरी लांब-आखूड करायचं बटण होतं. पोरांनी स्वतः करून बघावं म्हणूनच ते दिलेलं, हे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही कळलं. पण माऊस सरांच्या हातात, आणि पोरं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली.

सुमननं बोट काढलं. "सर, दोरी लांब केली तर? मी करून बघू?"

"उत्तर पुस्तकात आहे, लिहून घे. बिघडवशील. बस खाली, शहाणे!"

वर्ग हसला. सुमनचं बोट परत तोंडावर गेलं. माझ्या अंगाची आग झाली. करून बघायची वस्तू आणायची आणि बघतच बसवायचं, हे कसलं शिकवणं? मलाही लहानपणी असंच बसवलं होतं. ते बोट माझ्या तोंडावरून अजून निघालेलं नाही, म्हणून तर मी गप्प राहिले.

जेवणाच्या सुट्टीत सुमन ताट घेऊन आली. मी खिचडी वाढायच्या जास्तीच्या डावाला सुतळी बांधून तिच्या हातात दिली. "घे, हा बिघडत नाही."

तिनं सुतळी आखूड धरली, मग लांब सोडली. "मावशी, आता सावकाश झुलतोय!"

"सुमे, भूक लागलीय!" रांग ओरडली. पण पुढच्या दोघी झोके मोजायला लागल्या होत्या.

"काय चाललंय तिथं?" सरांनी व्हरांड्यातून विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मोजतोय, सर. जरा थांबा."